स्वस्तातला रेड डॉट साइट: विकत घेण्यापासून झिरो करण्यापर्यंत, जरा सविस्तर

माझ्या ओळखीतले बरेच जण इथे अमेरिकेत वीकएंडला रेंजवर जातात, बहुतेकांकडे पॉइंट टू-टू ची (.२२ इंच मापाच्या बारीक काडतुसाची) रायफल, त्यातही रुगर टेन-ट्वेंटी-टू जास्त, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो की शंभर-दीडशे डॉलरचा रेड डॉट (रायफलवर लावायचा, काचेत लाल ठिपका दाखवणारा साइट) घेतला तर चालेल का, की चारशे-पाचशे घालावेच लागतील. माझं मत सरळ आहे. टू-टू साठी शंभर ते दोनशे डॉलरमधला चांगल्या कंपनीचा डॉट पुरतो, भरपूर पुरतो. पण लोक जे म्हणतात ना की "स्वस्तातला होता म्हणून झिरो टिकला नाही", (झिरो म्हणजे ठराविक अंतरावर डॉट जिथे तिथेच गोळी लागेल असं जुळवणं) तिथे बऱ्याच वेळा डॉटचा दोष नसतो, माउंट, म्हणजे डॉट रायफलवर धरून ठेवणारा भाग, नीट कसलेलं नसतं किंवा झिरो घाईत केलेला असतो. म्हणून हा लेख कुठला मॉडेल घ्यावा यापेक्षा घेतल्यावर काय करायचं यावर जास्त आहे.

आधी कायद्याचं, हे सोडून पुढे जाऊ नका

तुम्ही एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला बंदी आहे. काही अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचं चालू असलेलं हंटिंग लायसन्स. मित्राची रायफल "जरा बघू" म्हणून रेंजवर हातात घेणंसुद्धा यात अडकू शकतं आणि इमिग्रेशनच्या केसवर ते फार महागात जातं, त्यामुळे शंका असेल तर वकिलाला विचारा, मित्राला नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही व्हिसाची अडचण नाही. राज्याचे नियम वेगळे, न्यू जर्सीत आधी परचेसर आयडी कार्ड काढावं लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगायचं राज्याचं ओळखपत्र. डॉट साइट स्वतः बंदूक नाही, तो तुम्ही साधा ऑनलाइन मागवू शकता.

अजून एक, स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवल्यापासून बरेच पालक मुलांना नेमबाजीत घालायचं म्हणतात, आणि ती इव्हेंट याच टू-टू काडतुसाची आहे. पण त्या रायफलवर रेड डॉट नसतो, मागे बारीक भोकाचा पीप साइट आणि पुढे गोल रिंग असते, आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या) रायफल इव्हेंटमध्ये इलेक्ट्रॉनिक डॉट चालतच नाही. मुलाला तिकडे न्यायचं असेल तर पहिल्या दिवसापासून पीपवर शिकवा. रेड डॉट हा मजेसाठी, स्टीलच्या प्लेट पाडण्यासाठी, वयस्कर डोळ्यांसाठी. स्टील चॅलेंज मॅचमध्ये ऑप्टिक लावलेल्या टू-टू रायफलचा वेगळा डिव्हिजनच आहे.

हे यंत्र नक्की करतं काय

आत एक बारीक एलईडी असतो, तो पुढच्या वक्र काचेवर लाल उजेड टाकतो, त्या काचेवर असा लेप असतो की लाल उजेड तुमच्या डोळ्याकडे परत येतो आणि बाकीचा उजेड आरपार जातो. त्यामुळे डॉट काचेवर न दिसता लांब, टार्गेटच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो. लेझर नाही हा, पुढे काही फेकला जात नाही. त्या लेपामुळेच काचेतून जग थोडं निळसर-हिरवट दिसतं, स्वस्तातल्यात जरा जास्तच, पण त्याने नेमाला काही फरक पडत नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांना याचा खरा फायदा. लोखंडी साइटमध्ये मागची खाच, पुढची काडी आणि टार्गेट असं तीन ठिकाणी बघायचं आणि नजर पुढच्या काडीवर स्थिर ठेवायची, जवळचं दिसणं कमी झालं की ती काडी धूसर होते. डॉटमध्ये फक्त टार्गेटकडे बघायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवून. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर लांबचं बघायचा वरचा भाग वापरायचा एवढंच, म्हणजे मान किंचित खाली.

घेताना काय बघायचं

लोकांच्या तोंडी तीन नावं सारखी येतात. बुशनेलचा टीआरएस-२५, सिग सॉअरचा रोमिओ-५ आणि होलोसनचा ४०३-बी. तिन्ही सीआर २०३२ या सहज मिळणाऱ्या बटण सेलवर चालतात. टीआरएस-२५ सगळ्यात स्वस्त, डॉट ३ एमओएचा (हे डॉटच्या आकाराचं माप, खाली सांगतो), ब्राइटनेस गोल नॉबने, आणि तो स्वतःहून बंद होत नाही, नॉब फिरवायला विसरलात की पुढच्या वेळी सेल संपलेला. रोमिओ-५ आणि ४०३-बी मध्ये डॉट २ एमओएचा आणि हालचाल ओळखणारा सेन्सर, रायफल ठेवून दिली की झोपतो, उचलली की जागा होतो. हा सेन्सर मला वाढीव वीस-चाळीस डॉलरच्या लायक वाटतो, कारण स्वस्त डॉटबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात त्यात "ऐन वेळी डॉटच नाही" ही फार वेळा असते.

एमओए म्हणजे कोनाचं माप, १०० यार्डवर साधारण १ इंच, ५० वर अर्धा, २५ वर पाव. म्हणजे २ एमओएचा डॉट २५ यार्डवर अर्धा इंच झाकतो. कागदावर बारीक ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) काढायचे असतील तर २ बरा, फक्त प्लेट पाडायच्या असतील तर ३ किंवा ४ पटकन सापडतो.

पाण्याचं रेटिंग बघा, आयपीएक्स-७ असेल तर १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवा, आयपीएक्स-४ म्हणजे नुसते शिंतोडे. आणि नकली मालापासून जपा. ओळखीच्या मॉडेलचं नाव आणि किंमत निम्म्याहून कमी दिसली की तो एअरसॉफ्टच्या खेळण्यांवर लावायचा नकली तुकडा असण्याची शक्यता दाट, बाहेरून हुबेहूब, आत सगळं ढिलं. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर रजिस्टर होतो का ते आल्याआल्या बघा, रिटर्नची मुदत संपायच्या आत.

डोळ्याची तपासणी, हे बॉक्स उघडल्याच्या दिवशीच करा

खूप जण डॉट लावतात आणि म्हणतात की माल खराब आहे, डॉट गोल नाही, शेपूट फुटल्यासारखा किंवा द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. बहुतेक वेळा तो डोळ्यातला अ‍ॅस्टिग्मॅटिझम असतो, म्हणजे डोळ्याचा आकार नीट गोल नसल्याचा दोष. तपासायचं असं: साइट हातात घेऊन डॉटकडे बघा आणि साइट हळूहळू गोल फिरवा. शेपूट साइटबरोबर फिरलं तर दोष साइटमध्ये, शेपूट आहे तिथेच राहिलं तर डोळ्यात. दुसरी पद्धत म्हणजे फोनने काचेतून फोटो काढायचा, फोटोत डॉट गोल आला तर साइट चांगला आहे. मग ब्राइटनेस कमी करून बघा, चष्मा लावून बघा, बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर प्रिझम साइट घ्या, त्यात खूण काचेवर कोरलेली असते त्यामुळे ती स्वच्छ दिसते, सेल संपला तरी दिसते, फक्त डोळा ठराविक अंतरावर ठेवावा लागतो.

बसवणं: सगळ्यात जास्त वेळ इथे घाला

मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि बोटानेही चाचपा. गोळ्या त्या टेबलवर नकोतच, दुसऱ्या खोलीत.

टेन-ट्वेंटी-टू च्या बऱ्याच मॉडेलबरोबर रिसीव्हरवर (बोल्ट असतो त्या मधल्या धातूच्या भागावर) लावायची पट्टी, म्हणजे रेल, येते, तिच्यावर वीव्हर प्रकारचं माउंट बसतं. वीव्हर आणि पिकाटिनी हे आडव्या खाचांच्या रेलचे दोन प्रकार. इथे एक गोष्ट कळली पाहिजे. वीव्हरची खाच ०.१८० इंच रुंद, पिकाटिनीची ०.२०६ इंच. म्हणजे वीव्हरचं माउंट पिकाटिनी रेलवर जातं, पण पिकाटिनीचा जाड आडवा बोल्ट वीव्हरच्या खाचेत कधी कधी शिरतच नाही आणि लोक जोर लावून ठोकतात. ठोकू नका, वीस-पंचवीस डॉलरचा पिकाटिनी रेल त्या रायफलसाठी वेगळा मिळतो, तो लावा.

रेलचे स्क्रू फार बारीक असतात आणि रिसीव्हर अ‍ॅल्युमिनियमचा आहे, त्यामुळे आटे जायला वेळ लागत नाही. स्क्रू आणि भोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कंपनीतून तेल लागून आलेलं असतं आणि तेलावर कुठलंच थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद) धरत नाही. निळ्या रंगाचं थ्रेडलॉकर, एक बारीक थेंब, स्क्रूच्या टोकाला. लाल वापरू नका, ते उघडायला गरम करावं लागतं. मग सगळे स्क्रू आधी हाताने टेकवा आणि तिरपं-तिरपं थोडं थोडं कसत जा. किती कसायचं हे मॅन्युअलमध्ये इंच-पाउंडमध्ये दिलेलं असतं, तेवढंच. इंच-पाउंडचा छोटा टॉर्क ड्रायव्हर पन्नासेक डॉलरला मिळतो आणि हाताच्या अंदाजापेक्षा शंभर पट बरा, मी तर म्हणेन की दीडशेच्या डॉटऐवजी शंभरचा घ्या पण हा ड्रायव्हर घ्या.

आता डॉटचं माउंट. रोमिओ-५ सारख्या डॉटबरोबर दोन माउंट येतात, एक बुटकं आणि एक उंच. उंच वालं एआर प्रकारच्या रायफलसाठी. टेन-ट्वेंटी-टू वर ते लावलं तर गाल दस्त्यावरून उचलावा लागतो, हनुवटी टेकवून नेम धरावा लागतो आणि प्रत्येक वेळी डोकं वेगळ्या जागी. बुटकंच लावा. माउंट रेलच्या खाचेत ठेवलं की नळीच्या दिशेने पुढे ढकलून धरायचं आणि तसंच धरून कसायचं, म्हणजे झटका बसताना माउंट सरकायला जागाच उरत नाही. हे न केल्यामुळे पहिल्या पन्नास गोळ्यांत झिरो हललेले डॉट मी रेंजवर किती तरी बघितलेत.

शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून माउंटपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, लगेच कळतं.

एअर रायफलवाल्यांसाठी: स्प्रिंगची एअर रायफल दोन्हीकडे झटका देते, आधी मागे आणि मग पिस्टन आदळला की पुढे, आणि तो पुढचा झटका स्वस्त ऑप्टिकची वाट लावतो. डॉट "एअर रायफलसाठी चालेल" असं कंपनीने लिहिलं असेल तरच लावा. त्या रायफलींवर साधारण ११ मिलिमीटरची डव्हटेल (तिरप्या कडांची पट्टी) असते, तिथे पिकाटिनी माउंट बसत नाही, अडॅप्टर लागतो.

झिरो करणं

एकाच प्रकारच्या गोळ्या घेऊन जा, निदान एक पूर्ण डबी. टू-टू मध्ये गोळी बदलली की ग्रुप हलतो, सीसीआयची स्टँडर्ड व्हेलॉसिटी १,०७० फूट प्रति सेकंदाने जाते आणि मिनी-मॅग १,२३५ ने, दोघी एकाच ठिकाणी लागतील अशी अपेक्षा करू नका.

बोल्ट-अ‍ॅक्शनसारखं (जिचा बोल्ट हाताने ओढून पूर्ण काढता येतो अशा रायफलीसारखं) टेन-ट्वेंटी-टू च्या मागून नळीत डोळा घालून बघता येत नाही, रिसीव्हर मागून बंद आहे. त्यामुळे बोअरसाइटच्या, म्हणजे नळीतून बघून अंदाजे नेम जुळवण्याच्या, भानगडीत न पडता सरळ १० यार्डवर मोठा कागद लावा. पुढचा लाकडी भाग वाळूच्या पिशवीवर, नळी नाही, नळी कशालाच टेकवायची नाही. मागच्या दस्त्याखाली दुसरी छोटी पिशवी. डॉटचा ब्राइटनेस इतका कमी करा की जेमतेम नीट दिसेल, फार प्रखर ठेवला तर डॉट फुलतो आणि २ चा ५ एमओए होऊन बसतो.

१० यार्डवर तीन गोळ्या. इथे एक गंमत लक्षात ठेवा, डॉट नळीच्या वर दीडेक इंच असतो, त्यामुळे इतक्या जवळ गोळी नेमाच्या थोडी खाली लागलीच पाहिजे, अर्धा-पाऊण इंच. डावी-उजवी बाजू मात्र इथेच बरोबर मध्ये आणा.

मग २५ यार्ड. पाच गोळ्या, सावकाश, एकाच बिंदूवर. पाचही झाल्याशिवाय डॉट सरकवायच्या स्क्रूला हात लावायचा नाही. लोक एक गोळी मारतात, दोन क्लिक (त्या स्क्रूचे टप्पे) फिरवतात, दुसरी मारतात, परत फिरवतात, आणि तासाभराने डबी संपते पण झिरो होत नाही, कारण ते रायफलच्या नैसर्गिक फैलावामागे धावत असतात. पाच गोळ्यांच्या ग्रुपचा मध्य काढा आणि त्या मध्यापासून मोजा.

हिशोब असा. तुमच्या डॉटचा क्लिक अर्ध्या एमओएचा असेल, बऱ्याच जणांचा असतो पण मॅन्युअल बघाच, तर २५ यार्डवर एक क्लिक म्हणजे पावचा अर्धा, १/८ इंच. ग्रुप २ इंच खाली लागला तर १६ क्लिक वर. ५० यार्डवर तोच क्लिक १/४ इंच, तिथे २ इंचाला ८ क्लिक. स्क्रूजवळचा बाण ज्या दिशेला दाखवतो तिकडे सहसा गोळी सरकते, डॉट त्याच्या उलट सरकतो, काचेतून बघताना गोंधळू नका.

स्वस्त डॉटचे क्लिक मऊ असतात, टक्क आवाज येत नाही, कधी दोन फिरतात आणि एकच मोजला जातो. यावर उपाय म्हणजे क्लिकवर विश्वास न ठेवता कागदावर ठेवायचा. फिरवल्यावर दोन गोळ्या कुठेही मारून घ्या, स्क्रू आत जागेवर बसतो, मग पाचचा नवा ग्रुप.

२५ ला जमलं की शेवटचा झिरो ५० यार्डवर करा. टू-टू ला ५० चा झिरो फार सोयीचा, कारण मग २५ ला गोळी जवळपास त्याच जागी, जेमतेम पाव इंच वर लागते, म्हणजे मधल्या सगळ्या अंतरात डोकं चालवावं लागत नाही. १०० वर मात्र स्टँडर्ड व्हेलॉसिटी साधारण ६-७ इंच खाली पडते.

डॉटची खरी परीक्षा

झिरो झाला म्हणून घरी जाऊ नका, रिटर्नची मुदत चालू आहे तोवर हे दोन प्रयोग कराच.

पहिला, पॅरलॅक्स, म्हणजे डोकं हललं की डॉट टार्गेटवरून सरकल्यासारखा दिसणं. रायफल पूर्ण रिकामी, पिशव्यांवर पक्की, डॉट २५ यार्डवरच्या खुणेवर. आता रायफलला हात न लावता डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. डॉट खुणेवरून किती सरकतो ते बघा. "पॅरलॅक्स फ्री" हे डब्यावर सगळेच लिहितात, खरं कुठलाच पूर्ण नसतो, जवळच्या अंतरात तर नाहीच. डॉट काचेच्या अगदी कडेला गेल्यावर थोडा सरकला तर चालेल. पण डोकं जरासं हललं आणि डॉट इंचभर पळाला तर परत करा.

दुसरा, चौकोन. २५ यार्डवर मोठा कागद, मधे एक खूण, पूर्ण वेळ नेम त्याच खुणेवर. पाच गोळ्या. १६ क्लिक वर, पाच गोळ्या. १६ उजवीकडे, पाच. १६ खाली, पाच. १६ डावीकडे, पाच. कागदावर २ इंची चौकोन दिसला पाहिजे आणि शेवटचा ग्रुप पहिल्याच्या अंगावर बसला पाहिजे. बाजू थोड्या कमी-जास्त आल्या तरी मी सोडून देतो, कारण एकदा झिरो केल्यावर कोण रोज फिरवतंय. पण शेवटचा ग्रुप पहिल्यावर परत आला नाही तर आतली स्प्रिंग ढिली आहे, तो डॉट ठेवू नका, कितीही स्वस्त मिळाला असला तरी.

नंतर दोनशेक गोळ्या झाल्यावर नेलपॉलिशच्या रेघा बघा आणि ५० ला एक ग्रुप मारा. तिथेच लागला तर तो डॉट बहुधा वर्षानुवर्षं टिकेल.

सेल, काच आणि भारतात नेणं

डब्यावरचे ४०,००० किंवा ५०,००० तास हे मधल्या ब्राइटनेसचे असतात, ४०,००० तास म्हणजे साडेचार वर्षं. सगळ्यात प्रखर ठेवला तर त्याच्या जवळपासही जात नाही. गाडीच्या डिकीत रायफल ठेवून लांब गेलात तर हलत राहिल्यामुळे सेन्सरवाला डॉट वाटभर जागाच राहतो, तेव्हा हाताने बंद करा. मी दर गणपतीला सेल बदलून टाकतो, संपलेला असो नसो, तारीख लक्षात ठेवायची कटकट नाही. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप देतात, तो कधी कधी संपर्काच्या आड येतो आणि डॉट लुकलुकतो, मऊ कापडावर अल्कोहोल घेऊन सेल पुसा.

काच शर्टाने पुसू नका, आधी ब्लोअरने धूळ उडवा मग लेन्सचं कापड. थंडीत बाहेरून घरात आणल्यावर काचेवर बाष्प धरलं तर थांबा, आपोआप जातं. आतल्या बाजूला धरलं तर सील गेलं, वॉरंटीत पाठवा.

आणि भारतात जाताना भावासाठी किंवा काकांच्या एअर रायफलसाठी म्हणून बॅगेत डॉट टाकू नका. छोटा आहे, स्वस्त आहे, पण रायफलचे ऑप्टिकल साइट अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या एक्स्पोर्ट कंट्रोलमध्ये येतात आणि इथून बाहेर नेण्याआधी परवाना लागतो का ते बघावं लागतं, तिकडे कस्टम्सचा प्रश्न वेगळाच. पाहिजे असेल तर त्यांनी तिथल्याच परवानाधारक दुकानात विचारावं.

घरात लहान मूल असेल तर जुना सेल काढल्या काढल्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि वर ठेवा, मग रिसायकलिंगला द्या. सीआर २०३२ लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता सरळ इमर्जन्सीत न्या.